पाणी मोजणारी फाईल

गावाहून,
१६ एप्रिल २०२५

दादा,

जय भीम. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंयस म्हणून टपालानं लिहितेय. पुण्याचा नवा पत्ता शितलवहिनीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच दोन दिवस तिच्या मागे लागले होते.

परवा जयंती झाली. मिरवणूक कुरुंद्याच्या फाट्यापर्यंत गेली. आत्याचे संतरामभाऊ पुढं होते, निळा फेटा बांधून. मला म्हणाले, "सपनाला सावलीत उभी कर, ऊन लागून राहिलं लेकराला." एवढंच. तुझं नाव ते काढत नाहीत. मीही काढत नाही.

काम सांगते. आता मंजुळाबाई सरपंच आहेत. त्यांनी ठरवलंय की पावसाळ्याच्या आत ओढ्याचा भोंगा पुन्हा चालू करायचा. दोन वर्षं तो बंदच आहे. मला बोलावून म्हणाल्या, "निलम, तुझ्या भावानं बनवलेलं व्हतं ना ते? मंग तूच बघ." मी म्हटलं, मी सातबारा आणि रहिवासी दाखले काढणारी बाई, मला त्यातलं काय कळतं. त्या म्हणाल्या, "मला तर तेबी काढता येत न्हाई."

पुलाखालचा सेन्सर शाबूत आहे. वायर एका जागी उंदरांनी खाल्ली होती, ती जोडून घेतली. शाळेच्या छपरावरचा भोंगा गंजलाय, पण हातानं बटण दाबलं तर वाजतो. राहिली मधली गोष्ट, तुझी फाईल. सेन्सरला दर मिनिटाला पाणी किती ते विचारायचं, लाल रेषेच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा, हे करणारी.

तर ती सापडली. जुन्या पेटीत पेन ड्राइव्ह होता, त्यात निघाली. तू त्या वेळी चारदा मागितली होतीस आणि मी सांगितलं होतं की कॉम्प्युटरबरोबर गेली. मलाही तसंच वाटलं होतं.

पण चालवली की दुसऱ्याच ओळीला थांबते. लाल अक्षरं येतात, अमुक मॉड्यूल सापडत नाही म्हणून. पंचायतीचं मशीन जुनं, नेट दिवसातून दोन तास. ते मॉड्यूल उतरवायला घेतलं तर सांगतं, या मशीनवर बसणार नाही. काय करू ते कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

निलम


५ मे २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मीही वाट बघत बसले नाही, कारण मंजुळाबाई रोज विचारतात.

दिवसभर ऑफिसात रांग असते. कुणाचं आधार अडलेलं, कुणाच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही, कुणाची शिष्यवृत्ती. पाच वाजता माणसं गेली की तासभर मी तुझी फाईल उघडते. मोबाइलवर एक मास्तर हिंदीत शिकवतो, तो थांबवत थांबवत ऐकते. डोळे दुखतात. घरी जाऊन सपनाला वाढते तेव्हाही डोळ्यांपुढं त्या ओळीच असतात.

आता थोडं कळलंय. तू एकदम वरती चार मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्राम, मागवली आहेस. पहिलं सेन्सरच्या पेटीशी बोलणारं. दुसरं पडद्यावर पाण्याचा आलेख काढणारं. तिसरं मराठीत मोठ्यानं सूचना बोलणारं. चौथं सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणारं. या चौघांपैकी एक जरी नसलं तरी फाईल तिथंच बसते, पाणी मोजायला जातच नाही.

मला वाटलं, हे असं काहून? आलेख नसला तर नसू दे. मेसेज नाही गेला तर नाही. भोंगा तर वाजला पाहिजे ना.

मास्तरनं एक युक्ती दाखवली. मॉड्यूल घ्यायचा प्रयत्न करायचा, मिळालं तर वापरायचं, नाही मिळालं तर त्याच्या नावापुढं 'काही नाही' असं लिहून पुढं जायचं. मग खाली जिथं आलेख काढायचा तिथं आधी विचारायचं, तू आहेस का? नसलास तर ते काम सोडून दे. मी तसं केलं. दादा, फाईल चालली! लाल अक्षरं गेली. पडद्यावर आलं, पाणी शून्य पूर्णांक दोन मीटर. मी खुर्चीतून उठून खिडकीतून ओढा बघून आले, जसं काही तिथून मला ते दिसणार होतं.

मग मी आणखी शहाणपणा केला. सगळीकडेच ती युक्ती लावून टाकली, म्हणजे कुठंच अडायला नको. पूर्ण फाईल छापून सोबत जोडलीय. नऊ पानं आहेत. बघ म्हणत नाही, पण जोडलीय.

पुराच्या त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. आता पुन्हा तसं होऊ नये, एवढंच.

निलम


२४ मे २०२५

दादा,

पाकीट मिळालं.

वर तुझं अक्षर बघून मी पोस्टमनसमोरच फाडलं. आत माझीच नऊ पानं. ना 'निलम', ना 'जय भीम', ना खाली सही. फक्त सहाव्या पानावर लाल पेनानं गोल केलेला आणि बाजूला लिहिलेलं:

'इथे सगळ्याच चुका गिळल्या आहेत. सेन्सरची वायर काढून बघ.'

मी ऑफिसात गेले, मशीनच्या मागची सेन्सरची वायर काढली आणि पडद्यासमोर बसले. शून्य पूर्णांक दोन. एक मिनिट झालं, शून्य पूर्णांक दोन. अर्धा तास बसले. वायर माझ्या हातात होती आणि पडदा सांगत होता, पाणी आहे तेवढंच आहे, काळजी नको. ओढा उद्या पुलावरून गेला असता तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

शेवटच्या पानामागं तू आणखी चार ओळी लिहिल्यास:

'मॉड्यूल नसेल तरच पुढे जायचं. बाकी काहीही बिघडलं तर ओरडायचं. आलेख, आवाज, मेसेज नसले तर चालेल. सेन्सर नसला तर चालणार नाही. काय नाही ते सुरू होतानाच पडद्यावर लिहायचं. आठही प्रकारे चालवून बघ.'

आठ कसे ते मला लगेच कळलं नाही. मग कागदावर मांडलं. तीन गोष्टी, प्रत्येक असेल किंवा नसेल. सगळ्या आहेत, एक नाही, दोन नाहीत, एकही नाही. आठच होतात. आलेखाचं मॉड्यूल पंचायतीच्या मशीनवर बसत नाही, म्हणून संतुकवाडीच्या शाळेतल्या बाई आहेत ना, त्यांचा लॅपटॉप दोन दिवस मागून आणला. अर्ध्या चाचण्या त्याच्यावर, अर्ध्या इकडं. प्रत्येक वेळी पुलाखाली जाऊन सेन्सरखाली पाटी धरायची, म्हणजे त्याला वाटावं पाणी चढलं, आणि भोंगा वाजतो का बघायचं. एकटीला जमेना, मग सपना पाटी धरायला आली. आठवा भोंगा झाला तेव्हा आयुषची आई ओट्यावर येऊन ओरडली, "काहून वाजवून राहिलीस गं बाई सकाळपासून? जीव घाबरा व्हतो ना!"

ती खालच्या आळीत राहते, तुला माहीत आहे. तिचा जीव घाबरा होणारच.

मी तिला म्हटलं, "झालं, आता न्हाई वाजवत."

आठही वेळा वाजला. वायर काढली की आता पडदा लाल होतो आणि मशीन टीं टीं करतं. तुझं ते पान मी टेबलापुढच्या भिंतीला चिकटवलंय. तुझ्याकडून दोन वर्षांत आलेला पहिला कागद आहे. त्यावर माझं नाव असतं तर बरं वाटलं असतं. पण तू मला नाव घेऊन हाक मारावीस असं मी काही केलेलं नाही. ते का, हे मी या पत्रात लिहायला बसले होते. होत नाहीये.

निलम


१० जून २०२५

दादा,

तीन वेळा लिहून फाडलंय. हे फाडणार नाही, पोस्टात टाकूनच घरी जाणार आहे.

पेन ड्राइव्ह पेटीत सापडला नाही. तो माझ्याकडंच होता, पहिल्या दिवसापासून. आणि त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे.

२०२३ च्या जूनमध्ये पंचायतीचं मशीन फार हळू चालायला लागलं होतं. दाखले निघेनात, माणसं माझ्यावर ओरडायची. मी ते वसमतला दुकानात नेलं आणि म्हटलं, सगळं पुसून नवं करून द्या. तुझी फाईल आठवणीनं पेन ड्राइव्हवर घेतली होती, एवढी अक्कल मला होती. मशीन परत आल्यावर ती पुन्हा टाकली आणि चालवली. लाल अक्षरं आली. आलेखाचं मॉड्यूल सापडत नाही. दुकानदारानं सगळं पुसलं तेव्हा तेही गेलं होतं.

मी तुला फोन करायला हवा होता. त्या दिवशी रांग पायरीपर्यंत होती. मी म्हटलं, पाऊस कुठं आहे अजून, बघू नंतर. आणि ती खिडकी बंद केली.

दर सोमवारी भोंग्याची चाचणी घेऊन वहीत लिहायचं, असं तूच ठरवून दिलं होतंस. पहिल्या सोमवारी मी वही काढली आणि 'चाचणी केली, ठीक' लिहून सही केली. दुसऱ्या सोमवारीही. असे पाच सोमवार. भोंगा वाजत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांना वाटलं असेल निलमनं बंद ठेवला असेल. मला रोज आठवायचं. रोज वाटायचं, उद्या.

वीस जुलैला आपल्याकडं ऊन होतं. वरती पडला असेल कुठंतरी. साडेपाचला पाणी आलं आणि दहा मिनिटांत खालच्या आळीत छातीएवढं झालं. बाकी सगळे कसेबसे वर निघाले. आत्याच्या घराची भिंत पडली, आत्या आतच होती.

तू आलास तेव्हा संतरामभाऊ दारातच तुला म्हणाले, "तुझ्या मशिनीनं माझी माय खाल्ली, धम्या." तू माझ्याकडं बघितलंस. मी तिथंच होते, तीन हातांवर. तू माझ्याकडं का बघत होतास ते मला समजत होतं. तुला वाटलं, ही तरी सांगेल काय झालं. मी पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं. तू मातीला थांबलास आणि रात्री न जेवता निघून गेलास.

मग तुझे फोन. 'फाईल पाठव, मला बघू दे काय चुकलं.' चार वेळा. मी म्हटलं, गेली. शेवटच्या वेळी तू रडत होतास आणि मी फोन ठेवून दिला.

मी हे का केलं ते लिहिते, पण ते कारण म्हणून घेऊ नकोस. सासरहून निघून आले तेव्हा सपना दोन वर्षांची होती. ही नोकरी गेली तर परत तिथं जावं लागेल, हे एवढंच डोक्यात होतं. आणि तू लांब होतास. मला वाटलं, त्याचं तिकडं काय बिघडणार आहे. वहिनीनं परवा सांगितलं तुझं काय बिघडलं ते. तू कोड लिहिणं सोडलंस, दुसऱ्यांचं तपासायचं काम मागून घेतलंस, आणि सुट्टीच्या दिवशी आठवणीतून तीच फाईल पुन्हा लिहून बघतोस, कुठं चुकलं म्हणून. तीन वह्या झाल्यात म्हणाली.

दादा, आई गेल्यावर आत्यानं आपल्या दोघांना एका ताटात जेवू घातलं. तिला मी मारलं आणि तुझ्या नावावर टाकलं.

निलम


२९ जून २०२५

दादा,

तुझ्याकडून काही येणार नाही हे धरूनच चाललेय. तरी कळवते, कारण हे तुझ्याबद्दल आहे.

१३ जूनच्या शुक्रवारी ग्रामसभा झाली. भोंगा चालू झाल्याचा विषय होता. मंजुळाबाई म्हणाल्या, "आपल्या निलमनं एकटीनं चालू केला, टाळ्या वाजवा." लोकांनी वाजवल्या. मी उठले. बोलायचं ठरवूनच गेले होते, पण टाळ्या वाजतील असं ठरवलं नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या गेली त्या दिवशी भोंगा वाजला नाही तो धम्मदीपदादाच्या प्रोग्राममुळं नाही. मी मशीन पुसून आणलं व्हतं. त्यानंतर तो चालत नव्हता, हे मला माहीत व्हतं. मी चाचणी न घेता वहीत सह्या केल्या."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होती, ती बंद झाली.

संतरामभाऊ खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, "किती डाव?"

"पाच."

"पाच सोमवार?"

"व्हय."

ते खांब सोडून उठले. मग म्हणाले, "मी त्या पोराला काय काय बोललो, निलम. सगळ्या गावासमोर बोललो. तू तिथं उभी व्हतीस." चपला हातात घेऊन तसेच अनवाणी निघून गेले.

मग आवाज सुरू झाले. हिला काढा म्हणाले. केस करा म्हणाले. आयुषची आई म्हणाली, "माझं लेकरू व्हतं त्या पाण्यात, मी खांद्यावर घेऊन निघाले," आणि रडायला लागली. ग्रामसेवकांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी तिथंच दोन पानं लिहून दिली. शेवटी मंजुळाबाई म्हणाल्या, "आता पावसाळा तोंडावर हाय. भोंग्याचं हिच्याबिगर कुणाला कळत न्हाई. दिवाळीपस्तोर हिलाच राहू द्या, मंग काय ते ठरवू. पन सोमवारची चाचणी हिनं एकटीनं न्हाई घ्यायची."

तर आता दर सोमवारी नऊ वाजता आयुषची आई येते. खुर्चीवर बसत नाही. भोंगा वाजेपर्यंत उभी राहते, वहीत माझ्या सहीखाली आपली सही करते आणि जाते. माझ्याशी बोलत नाही. सपनाला मात्र जाताना एखादी शेंगदाण्याची चिक्की देते.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. थकल्यासारखं वाटतं, पण झोप लागते.

निलम


२५ जुलै २०२५

दादा,

काल वाजला.

दुपारी पावणेबारा. पुन्हा तसंच, इथं आभाळ कोरडं. रांगेत वीसेक माणसं होती. नेट सकाळपासून नव्हतं, म्हणजे मेसेज जाणार नव्हते. बोलणारं मॉड्यूल दोन दिवसांपासून रुसलंय, त्याचा स्पीकर गेलाय. आलेख तर या मशीनवर नाहीच. सकाळी फाईल सुरू केली तेव्हाच तिनं पडद्यावर लिहिलं होतं: आलेख नाही, आवाज नाही, मेसेज नाही, सेन्सर आहे, भोंगा आहे.

मी एकाचा उत्पन्नाचा दाखला काढत होते. फाईलची खिडकी पडद्यावर मागं होती, दिसली नाही. एकदम शाळेच्या छपरावरून भोंगा. मी पडद्यावर ती खिडकी पुढं आणली, अडीच मीटर, मग पावणेतीन. रांगेतला एक जण म्हणाला, "चाचणी का?" मी म्हटलं, "आज गुरुवार हाय." आणि तो पळाला. सगळेच पळाले, खालच्या आळीकडं.

तेवीस घरं वर आली. म्हातारी भागीरथाबाई खाटेसकट आणली. बकऱ्या आणल्या, दोन गॅसच्या टाक्या आणल्या. पाणी सव्वाबाराला आळीत शिरलं, तोवर तिथं एक कोंबडीही नव्हती. गुडघाभर चिखल झालाय घरांत, भांडी वाहून गेलीत. माणसं सगळी शाळेत होती. मोजली. दोनदा मोजली.

मोजण्याच्या आणि वाजवण्याच्या भागातलं मी काही बदललेलं नाही, एवढं तुला कळावं. पाणी मोजणारी आणि भोंगा वाजवणारी ओळ तुझीच आहे, २०१९ ची.

संतरामभाऊ संध्याकाळी ऑफिसात आले. ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "धम्याचा नंबर दे." मी दिला. त्यांनी तो मोबाइलमध्ये न घालता तळहातावर लिहून घेतला आणि गेले.

निलम


११ ऑगस्ट २०२५

दादा,

हे पत्र टपालानं नाही, सपनाच्या हाती पाठवतेय. तू दोन गल्ल्या सोडून संतरामभाऊंच्या घरी आहेस आणि मी इथं बसून तुला लिहितेय. लोक हसतील. पण तोंडानं बोलायला गेले की मी खोटं बोलते, हे आज पुन्हा झालं.

तू आलास हे मला शनिवारी दुसऱ्यांकडून कळलं. आमच्याकडं उतरला नाहीस, ते बराबर आहे. काल पुलाखाली तू वाकून सेन्सर बघत होतास आणि भाऊ वरून तुझी छत्री धरून उभे होते, ते मी लांबून बघितलं. तुम्ही दोघं काय बोललात ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारणार नाही.

आज सकाळी तू ऑफिसात आलास. आयुषची आई सही करायला उभीच होती. तू माझ्याकडं न बघता मशीनसमोर बसलास आणि एकेक मॉड्यूल काढून फाईल चालवून बघायला लागलास. मी मागं उभी. तू नववं काहीतरी करून बघितलंस, जे मला सुचलं नव्हतं: मॉड्यूल आहे, पण मोडकं आहे. फाईल अडखळली. तू दोन ओळी घातल्यास आणि ती पुढं गेली. मग म्हणालास, "आलेख मीच घातला होता. साहेब पाहायला येणार होते. पडद्यावर काहीतरी हलतं दिसावं म्हणून." पुढं म्हणालास, "ती ओळ मी अशी लिहायला नको होती. चित्र नसलं म्हणून भोंगा काहून थांबावा?"

मी म्हटलं, "पण चालवून बघणं माझं काम होतं."

तू म्हणालास, "व्हय."

तू 'असू दे' म्हणाला नाहीस. बरं वाटलं मला. 'असू दे' म्हणाला असतास तर मला तिथं उभं राहता आलं नसतं.

मग आयुषची आई गेल्यावर तू विचारलंस, "आत्या काही बोलली होती का? शेवटी?"

मी म्हटलं, "नाही. कुणाशी काही बोलणं झालं नाही."

तू मान हलवलीस आणि गेलास. तू दारातून बाहेर पडेपर्यंत मला कळलं की मी पुन्हा तेच केलं. या वेळी तुला जपायला केलं, असं मनाला सांगून बघितलं. पण दोन वर्षांपूर्वीही मी मनाला काही ना काही सांगतच होते.

ती बोलली होती. आयुषची आई आयुषला खांद्यावर घेऊन तिच्या दारावरून पळत गेली तेव्हा पाणी नुकतंच ओट्याला लागत होतं. ती ओरडली, "आत्याबाई, निघा, पाणी आलं." आत्या चुलीपुढं होती. हिनं मला हे मातीनंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं आणि मी तिला शपथ घातली, धम्मदीपला कळू देऊ नको म्हणून. मला वाटायचं हे ऐकून तू मरशील. आता वाटतं, तीन वह्या भरण्यापेक्षा तू हे ऐकलेलं बरं. ती तुझ्या भरवशावर बसून राहिली, आणि तुझ्यावर ठेवलेला भरवसा चुकीचा नव्हता. तुझा भोंगा वाजला असता, दादा. मी तो बंद पाडला होता.

आत्या म्हणाली होती, "तू हो पुढं. माझ्या धम्याचा भोंगा कुठं वाजला अजून? त्यानं हाक दिली की निघतेच मी."

निलम